रोमाने-काँती : साडेचार एकरांच्या वाइनची कुळकथा

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, दिजाँ आणि बोन या दोन शहरांच्या मधे, व्होन-रोमाने नावाचं छोटंसं गाव आहे. गावामागच्या पूर्वाभिमुख उतारावर चुनखडी आणि चिकणमातीच्या जमिनीचा एक तुकडा, भोवती बुटकी दगडी भिंत आणि भिंतीवर दगडी क्रूस. क्षेत्रफळ १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरही पुरते भरत नाहीत. यात पिनो न्वार ही एकच काळी द्राक्षजात लावलेली असते, आणि वर्षाकाठी पाच-सहा हजार बाटल्या निघतात. या जमिनीचं नाव रोमाने-काँती, आणि तिच्यातून निघणाऱ्या वाइनचंही तेच. जगातल्या लिलावांत सर्वांत चढी बोली लागणाऱ्या मोजक्या वाइनमध्ये ती येते.

बांधापलीकडच्या शेजाऱ्याची वाइनही नामांकित आहे, महागही आहे. तिलाही तोच उतार आणि तीच द्राक्षं मिळतात, वर ऊन-पाऊसही सारखाच. तरी ती काँतीच्या भावाच्या जवळपास पोचत नाही. मातीचं पृथक्करण करून या फरकाचा थोडा उलगडा होतो. उरलेल्यासाठी जमिनीचे जुने दस्त आणि बाटल्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदीच चाळाव्या लागतात.

कुळाची सुरुवात मठात होते. क्लुनी परंपरेतल्या सँ-व्हिव्हाँ मठाला १२३२ साली बर्गंडीच्या डचेस आलिक्स द व्हेर्जी यांनी इथल्या द्राक्षबागा दान दिल्या. बर्गंडीतल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच उतारावर राबून पाहिलं, की वीस पावलांवर माती बदलते आणि मातीबरोबर चवही बदलते. त्यातून जमिनीच्या तुकड्यातुकड्याला स्वतंत्र नाव देण्याची इथली रीत पक्की झाली. या तुकड्यांना तिकडे ‘क्लिमा’ म्हणतात आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बोर्दो या दुसऱ्या फ्रेंच वाइन-प्रदेशात मान मिळतो तो ‘शातो’ला, म्हणजे मालकाच्या वाड्याला आणि त्याच्या घराण्याला. बर्गंडीत प्रतिष्ठा चिकटते ती जमिनीच्या गटाला. मालक बदलला तरी गट तोच राहतो.

आणि मालक बदललेही पुष्कळ. १५८४ साली मठाने हा तुकडा दुसऱ्याच्या हाती दिला. सतराव्या शतकात तो क्रोनंबूर घराण्याकडे गेला आणि त्यांच्याच काळात ‘रोमाने’ हे नाव रूढ झालं. पुढे घराणं कर्जात बुडालं, तेव्हा १७६० साली ही बाग विकत घेतली काँतीचा राजपुत्र लुई-फ्रांस्वा द बूर्बाँ याने. हा पंधराव्या लुईचा दूरचा भाऊबंद. एके काळी राजाच्या गुप्त राजकारणातला विश्वासू माणूस, नंतर मर्जीतून उतरलेला. जमिनीचे ८०,००० लिव्र आणि तळघरातल्या तयार वाइनचे आणखी १२,४०० असा तो व्यवहार झाला. साडेचार एकरांसाठी ही रक्कम तेव्हा अचाट होती. राजाची लाडकी मादाम द पोंपादूर हिलाही ही बाग हवी होती आणि राजपुत्राने तिच्या नाकावर टिच्चून ती मिळवली, अशी एक चटकदार कथा वाइनवाले दोनशे वर्षं सांगत आले आहेत. कागदोपत्री तिला आधार नाही.

राजपुत्राने एक गोष्ट मात्र निश्चित केली. त्याने ही वाइन बाजारातून काढून घेतली आणि आपल्या पंगतीपुरती राखली. जी वस्तू कालपर्यंत महाग होती, ती आता पैसे मोजूनही मिळेना.

पुढे क्रांती आली. राजपुत्राच्या मुलाला अटक झाली, मालमत्ता जप्त झाली आणि १७९४ साली बाग राष्ट्राची मालमत्ता म्हणून विकायला निघाली. सरदार-दरकदारांच्या खुणा पुसण्याचा तो काळ, पण रोमानेच्या पुढे ‘काँती’ चिकटलं ते याच धामधुमीत. क्रांतिकारकांना राजपुत्र नको होता. त्याच्या नावाने जमिनीचा भाव चढतो हे मात्र विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या शतकात बाग हातोहात फिरली. १८१९ साली ती ७८,००० फ्रँकना ज्युलियाँ उव्हरार याच्याकडे गेली. १८६९ साली झाक-मारी द्युव्हो-ब्लोशे या व्यापाऱ्याने २,६०,००० फ्रँक मोजून ती घेतली. पन्नास वर्षांत तिप्पट भाव! त्याच्याच वंशातल्या द व्हिलेन घराण्याकडे आजही निम्मा हिस्सा आहे. उरलेला निम्मा १९४२ साली आँरी लेर्वा यांनी घेतला.

जमिनीची प्रतिष्ठा अशी वाढत असताना, वाइन ही साठवून ठेवून पुढे विकण्याची वस्तू कधी झाली? त्याचं श्रेय बाटली आणि बुचाला द्यावं लागतं. पूर्वी वाइन पिंपातून यायची आणि वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवली जायची, नाहीतर आंबून जायची. अठराव्या शतकात फुगीर पोटाच्या बाटल्या जाऊन उभट, सरळ अंगाच्या बाटल्या आल्या. त्या आडव्या रचता येऊ लागल्या. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं, ओलं बूच आक्रसत नाही आणि आत हवा शिरत नाही. अशा बाटलीत चांगली वाइन पन्नास-पन्नास वर्षं टिकू लागली आणि कोणत्या सालची द्राक्षं, याला किंमत आली.

याच शतकात लंडनमध्ये जेम्स क्रिस्टी याने लिलावाचं दुकान थाटलं. ५ डिसेंबर १७६६ च्या त्याच्या पहिल्या विक्रीत घरगुती सामानसुमानाबरोबर मदेरा आणि क्लॅरेट या वाइनही होत्या. मेलेल्या किंवा दिवाळं निघालेल्या माणसाच्या घरातलं फर्निचर जसं निघायचं, तसं त्याचं तळघरही निघायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र विकायला वाइनच उरणार नाही अशी पाळी आली. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नावाची सूक्ष्म कीड फ्रान्समध्ये शिरली. ही कीड मुळांतला रस शोषते, जखमा सडतात आणि वेल उभी वाळते. १८६८ साली माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ यांनी मुळांवरची ही कीड शोधून काढली, तोवर ती फैलावली होती. अखेर उतारा सापडला तोही अमेरिकेतूनच. तिथल्या रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत. म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधायचं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे नव्याने समजावून सांगायला नको. डॉगरीज या अमेरिकी खुंटावर डोळे भरूनच त्यांच्या बागा उभ्या आहेत. आपल्याकडे कारण क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण हे आहे, इतकाच फरक.

जवळपास अख्ख्या फ्रान्सने खुंट स्वीकारला. रोमाने-काँतीने नाही. इथले मालक जुन्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेलींना जपून राहिले. वेलीला जमिनीत पुरून तिच्यातूनच नवी वेल उठवायची, अशी दाब-कलमाची जुनी पद्धत त्यांनी सोडली नाही. किडीला आवर घालायला ते जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचत. खर्च प्रचंड, पण त्या जिवावर वेली तगल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ना रसायन मिळेना, ना मजूर. वेली थकत चालल्या.

१९४५ साली युद्ध संपलं, पण मे महिन्याच्या सुरुवातीला कडाक्याचं हिम पडून कोवळे कोंब करपले. उरलेल्या घडांत रस दाटून आला, उन्हाळा उत्तम गेला आणि वाइन विलक्षण उतरली. पण निघाली किती? साधारण दोन पिंपं, म्हणजे सहाशेच्या आसपास बाटल्या. ती तोडणी झाल्यावर जुन्या वेली उपटून टाकण्यात आल्या. १९४७ साली शेजारच्या ला ताश बागेतल्या काड्या घेऊन, खुंटावर कलम करून, नवी लागवड झाली. त्यामुळे १९४६ ते १९५१ या सहा सालांची रोमाने-काँती जगात अस्तित्वातच नाही. १९५२ पासून मालिका पुन्हा सुरू होते, ती नव्या मुळांवर.

म्हणजे १९४५ ची बाटली ही जुन्या कुळातली शेवटची. बाजाराला जे जे लागतं ते सगळं एकाच लेबलावर आलं : राजपुत्राचं नाव, युद्धसमाप्तीचं साल, संपलेला वंश आणि सहाशेचा आकडा.

हे सगळं पैशात उतरायला वीस-पंचवीस वर्षं गेली. १९६६ साली क्रिस्टीजने मायकेल ब्रॉडबेंट यांच्या हाताखाली वाइनचा स्वतंत्र विभाग काढला, पाठोपाठ सदबीज या दुसऱ्या लिलावघरानेही तेच केलं. ब्रॉडबेंट जुन्या हवेल्यांच्या तळघरांत उतरून, जाळी-धूळ झटकून बाटली न् बाटली नोंदवत. लिलावाच्या यादीत बारकावे यायला लागले : लेबल डागाळलं आहे का, लाख शाबूत आहे का, वाइनची पातळी मानेपर्यंत आहे की खांद्यापर्यंत उतरली आहे. पातळी उतरली की बुचातून हवा गेल्याची शंका येते आणि भाव पडतो.

पण बाटली उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि उघडली की ती विकता येत नाही. या व्यापारातली खरी अडचण हीच. १९८५ साली क्रिस्टीजच्या लंडनच्या लिलावात ‘१७८७’ आणि ‘Th.J.’ अशी अक्षरं कोरलेली शातो लाफीतची बाटली १,०५,००० पौंडांना गेली. ती अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली असल्याचं सांगितलं गेलं. घेणारं होतं अमेरिकेतलं फोर्ब्स कुटुंब. पुढे अशाच बाटल्या घेतलेल्या बिल कोक या उद्योगपतीने तपास लावला, तेव्हा त्यांवरची अक्षरं आधुनिक विजेच्या हत्याराने कोरल्याचा निष्कर्ष त्याच्या तज्ज्ञांनी काढला.

बर्गंडीची पाळी नंतर आली. रूडी कुर्नियावान नावाचा इंडोनेशियन तरुण २००० नंतर अमेरिकेत रोमाने-काँतीचा असा काही वेड्यासारखा ग्राहक झाला, की लोक त्याला ‘डॉक्टर काँती’ म्हणू लागले. २००६ साली एकाच लिलावघरातर्फे झालेल्या दोन विक्रींत त्याच्या तळघरातल्या बाटल्यांचे साडेतीन कोटी डॉलर आले. मग २००८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने विक्रीला ठेवलेल्या मालात पोंसो घराण्याची १९४५ सालची क्लो सँ-दनी दिसली. लोरां पोंसो स्वतः फ्रान्सहून त्या लिलावाला येऊन हजर झाले. त्यांच्या घराण्याने ही वाइन करायला सुरुवातच केली होती १९८० च्या दशकात! त्या बाटल्या विक्रीतून काढून घेण्यात आल्या. २०१२ साली एफबीआयने कुर्नियावानच्या कॅलिफोर्नियातल्या घरावर छापा घातला, तेव्हा छापील लेबलं, जुनी बुचं, लाख आणि मिश्रणाचे कागद सापडले. २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडच्या पाचशेहून जास्त बनावट वा विक्रीला अपात्र बाटल्या २०१५ साली टेक्सासमध्ये फोडण्यात आल्या आणि अस्सल ठरल्या त्यांचा सरकारने लिलाव केला.

या प्रकरणानंतर मोठी गिऱ्हाइकं एकच प्रश्न आधी विचारू लागली : बाटली आजवर कुणाकुणाकडे होती? या प्रश्नाची किंमत २०१० मध्येच दिसली होती. हाँगकाँगने २००८ साली वाइनवरचा कर उठवल्यावर तिथला बाजार उसळला होता, आणि सदबीजच्या लिलावात १८६९ च्या लाफीतच्या तीन बाटल्या प्रत्येकी सुमारे २,३३,००० डॉलरना गेल्या. अंदाज होता आठ हजारांच्या आसपास. त्या बाटल्या थेट शातोच्या तळघरातून आल्या होत्या. मधे एकही व्यापारी नव्हता.

रोमाने-काँती १९४५ ची गोष्टही अशीच घडली. बोनच्या द्रुअँ पेढीकडे १९२८ ते १९६४ या काळात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ही वाइन विकण्याचे हक्क होते. १९४० साली जर्मन येणार असं दिसताच मोरिस द्रुअँ यांनी १९२९ ते १९३८ या सालांचा रोमाने-काँतीचा साठा तळघरात भिंत बांधून तिच्यामागे दडवला. नवी भिंत जुनी दिसावी म्हणून मुलांनी कोळी पकडून आणले आणि तिथे सोडले. मुलांपैकी एक रॉबर्ट. पुढे पेढी त्यांच्याकडे आली आणि १९४५ च्या बाटल्या त्यांच्या खासगी तळघरात राहिल्या.

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कला सदबीजने त्यातली एक बाटली लिलावात आणली. अंदाज जास्तीत जास्त ३२,००० डॉलरचा होता. कमिशन धरून ती ५,५८,००० डॉलरना गेली, तेव्हाच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. ७५० मिलिलिटरच्या बाटलीला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. लगेच दुसरी बाटली आली. तीच बाग, तेच साल, तेच तळघर, तोच मालक. ती ४,९६,००० डॉलरना गेली. या दोन बाटल्यांमधला ६२,००० डॉलरचा फरक वाइनचा नाही, तो त्या सभागृहातल्या बोलीचा आहे.