मेणकागदावरची कविता

कवितेचा इतिहास लिहिणारे कवींची नावे सांगतात, संग्रहांची वर्षे सांगतात, फार तर संप्रदाय सांगतात. ती कविता कोणत्या कागदावर, किती प्रतींत आणि कोणाच्या पैशाने छापली गेली, हे मात्र सहसा सांगत नाहीत. वस्तुतः नवी कविता आणि छोटा छापखाना ह्यांचे नाते इतके निकटचे आहे, की एकाची हकीकत दुसऱ्यावाचून पुरी होत नाही. मराठीत ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लघुअनियतकालिकांची चळवळ होय. ती मुख्यतः मुंबईत आणि औरंगाबादेस वाढली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न बेळगाव-निपाणीसारख्या सीमेवरच्या मुलखात अधिक तीव्रतेने जाणवतो.

त्या काळचे मुद्रण हे खर्चाचे काम होते. देवनागरीचे खिळे हाताने जुळवावयाचे, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे ह्यांसाठी शेकडो घरांची केस जुळाऱ्यापुढे मांडलेली असावयाची. एकेक ओळ जुळवून फर्मा बांधावयाचा, मुद्रिते तपासावयाची आणि मग यंत्रावर चढवावयाचे. कवितेचे पुस्तक तर सावकाश खपणार. साहजिकच नवख्या कवीच्या वाटेवर मासिकाचा संपादक हाच पहिला द्वारपाल असे. ‘सत्यकथा’ मासिकाने नवकाव्याला आणि नवकथेला फार मोठा आधार दिला, हे कोणी नाकारणार नाही. तथापि द्वारपाल कितीही रसिक असला, तरी दार एकच असले म्हणजे दाराबाहेर ताटकळणारे कोणी ना कोणी उरतातच. शिवाय नव्या कवितेला केवळ संपादकाशीच सामना करावा लागत होता असे नाही. १९४७ साली मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह निघाला आणि लवकरच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. पण छापलेला शब्द कवीला कोठे नेऊन उभा करील, ह्याचा अनुभव मराठी साहित्याला मिळाला.

अशा वातावरणात १९५४ च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ह्या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले. ते छापखान्यात छापलेले नव्हते. चक्रमुद्रित म्हणजे सायक्लोस्टाइल केलेले होते. शाळा-कचेऱ्यांतून परिपत्रके आणि प्रश्नपत्रिका काढण्याचे हे साधन. मेण चढविलेल्या पातळ कागदावर टंकयंत्राने किंवा टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे कोरावयाची, तो कागद शाईच्या रुळावर ताणावयाचा आणि हाताने दांडा फिरवावयाचा. एका मेणकागदावर काही शे प्रती निघतात, पुढे अक्षरे फाटू लागतात. पण कवितेला आरंभी तेवढे वाचक पुरतात. जुळारी नको, फर्मा नको, प्रकाशकाची मनधरणी नको. परीक्षेच्या कागदांचे यंत्र कवितेच्या कामी लागले, ही घटना दिसावयास लहान, परंतु परिणामाने मोठी होती.

साठीच्या दशकात ही लाट पसरली. १९६३ साली अशोक शहाणे ह्यांनी प्रचलित मराठी वाङ्मयावर ‘क्ष-किरण’ टाकणारा लेख लिहून मोठी खळबळ उडवून दिली. पाठोपाठ ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’, ‘भारूड’ अशी अनियतकालिके निघाली. नावे पाहिली तरी वृत्ती कळते. शारदा, सरस्वती, वसंत अशा परंपरेतल्या नावांऐवजी रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द उचलून मुखपृष्ठावर बसविलेला. ‘अनियतकालिक’ ही संज्ञाही अर्थपूर्ण आहे. नियतकालिक म्हटले की ठरलेला दिवस, वर्गणीदार, जाहिराती, सरकारदरबारी नोंदणी हे सारे आले. अनियतकालिकाला मजकूर असेल आणि खिशात पैसे असतील तेव्हा निघण्याची मुभा होती. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली. हा प्रकार अनेकांना रुचला नाही. परंतु तंटा अभिरुचीचा तसाच अधिकाराचाही होता, हे त्यामुळे उघड झाले.

अशा चळवळी तेव्हा अन्यत्रही चालू होत्या. बंगालीत १९६१ पासून ‘भुकेली पिढी’ म्हणविणारे कवी पत्रके वाटत होते. धारवाडला १९६४ साली चंद्रशेखर पाटील, गिरड्डी गोविंदराज आणि सिद्धलिंग पट्टणशेट्टी ह्या तरुणांनी ‘संक्रमण’ हे कन्नड पत्र सुरू केले. बेळगावपासून धारवाड काही फार दूर नाही. दोन्ही भाषांतले तरुण एकाच काळात एकाच अडचणीवर एकच तोड शोधत होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ह्याच धारवाडात घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. राज्यांची सीमा नकाशावर रेघ ओढून ठरते. कवितेची सीमा तशी ठरत नाही.

बेळगावची छपाईची आणि वाचनाची परंपरा जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. ‘बेळगाव समाचार’ १८६३ चा. ‘तरुण भारत’ १९१९ चा. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि भाषेचा प्रश्न येथल्या रोजच्या जीवनाचा भाग झाला. ह्याच बेळगावात इंदिरा संत शिक्षिकेचे काम करीत कविता लिहीत होत्या. पती ना. मा. संत ह्यांच्यासह काढलेल्या ‘सहवास’ ह्या संग्रहानंतर, १९४६ मधील पतिनिधन सोसून, त्यांनी ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७) असे संग्रह दिले. कोणताही जाहीरनामा न काढता, कोणत्याही गटात न शिरता, त्यांनी मराठी भावकवितेची वळणे बदलली. प्रयोग म्हणजे गलबलाच असला पाहिजे असे नाही, ह्याचा हा पुरावा. मात्र ह्याच तुलनेतून चळवळीचे एक न्यूनही दिसते. लघुअनियतकालिकांच्या संपादकांत आणि कवींत स्त्रिया अगदी थोड्या होत्या. रात्री इराण्याच्या हॉटेलात बसून अंक जुळविण्याची मोकळीक ज्यांना होती, त्यांचीच ती चळवळ राहिली. अंक आपसांतच फिरले, सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोचले, हा आक्षेपही खोटा नाही.

असे असूनही त्या अंकांनी मागे काय ठेवले? पहिली गोष्ट म्हणजे लेखकांच्या हाती असलेली प्रकाशने. औरंगाबादच्या ‘वाचा’ प्रकाशनाने १९७० साली भालचंद्र नेमाडे ह्यांचा ‘मेलडी’ काढला. अशोक शहाणे ह्यांच्या ‘प्रास’ने १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. तेव्हा निपाणीच्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या ह्या कवीची लेखणी वीसेक वर्षे चालू होती. पुढचे मराठी संग्रह २००३-०४ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, त्याच ‘प्रास’कडून निघाले आणि ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोणी घाई केली नाही, कोणी खपाचा हिशेब मागितला नाही. म्हणून कवीला हवे तसे आणि हवे तेव्हा छापता आले. दुसरी गोष्ट म्हणजे दारे वाढली. ज्यांची बोली आणि ज्यांचे जगणे मासिकांच्या पानांवर येत नव्हते, त्यांना आपला अंक आपण काढता येतो, हा भरवसा मिळाला.

सीमाभागाला हाच भरवसा मोलाचा आहे. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे ह्यांनी त्या गावची बोली आणि कष्टकऱ्यांचे जगणे कथांत आणले. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर अशा गावांत गावकरी स्वतःच्या श्रमाने साहित्य संमेलने भरवितात आणि तेथे कविसंमेलनाला मांडव भरतो. परंतु मांडवात वाचलेली कविता टाळ्यांबरोबर विरून जाते. कागदावर उतरलेली कविता पन्नास वर्षांनीही कोणाच्या तरी हाती लागते. ‘शब्द’चे पिवळे पडलेले अंक आज दुर्मीळ झाले आहेत, तरी त्यांच्यावाचून मराठी कवितेचा इतिहास लिहिता येत नाही. भाषेचा हक्क न्यायालयात आणि विधिमंडळात मागावा लागतो, आणि तो मागितलाच पाहिजे. पण त्या भाषेत नवे काही लिहिले जात आहे ह्याची साक्ष कोणत्याही अर्जात जोडता येत नाही. ती साक्ष चार पानांच्या, टाचणी मारलेल्या, दोनशे प्रतींच्या अंकातच सापडते.