अपघातातील जखमीला योजनेचा फायदा नेमका किती? कार्डाइतकीच वेळही महत्त्वाची

ऊस वाहतूक सुरू झाली की अंधारात उभ्या ट्रॉलीला दुचाकी धडकल्याच्या बातम्या येऊ लागतात. दवाखान्यात पोचल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पैसे किती लागतील? आता यावर सरकारी योजना आहेत. पण योजना आली म्हणजे माणूस वाचलाच असे होत नाही. का, ते समजून घेऊ.

योजना कशी वाढली?

2012 साली राज्यातल्या 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ते 5 लाख झाले आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजना लागू झाली.

मे 2025 पासून केंद्राची वेगळी योजना आहे. मोटार वाहनाच्या रस्ते अपघातातील जखमीला 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनापैसे मिळतात. मळणी यंत्रात हात गेला किंवा झाडावरून पडले तर ही योजना चालत नाही. तिथे फुले योजनेच्या यादीतले उपचार बघावे लागतात.

विम्याने काय बदलते?

डिपॉझिटसाठी पाहुण्यांना फोन करण्यात जाणारा वेळ वाचतो. ऑपरेशन लांबत नाही. जमीन गहाण टाकायची वेळ टळते.

अमेरिकेत 2014 पासून अनेक राज्यांनी गरिबांचा सरकारी विमा वाढवला. तिथल्या अभ्यासांत बिनविम्याचे जखमी कमी झाले, व्यायाम-उपचारासाठी पुनर्वसन केंद्रात जाणारे वाढले. मृत्यूंच्या आकड्यात मात्र तेवढा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे विमा माणसाला पुन्हा उभे करायला मदत करतो, पण जीव वाचतो तो वेळेत योग्य दवाखाना गाठल्याने.

आपल्याकडे अडते कुठे?

जखमीला आपण जवळ दिसेल त्या दवाखान्यात नेतो. तो योजनेत नसला किंवा तिथे सर्जन नसला, तर पुन्हा गाडी शोधा, पुन्हा शहर गाठा. पहिला तास यातच जातो. कायद्यात याच तासाला 'गोल्डन अवर' म्हटले आहे.

दुसरी अडचण घरी आल्यावरची. फुले योजनेत डिस्चार्जनंतर साधारण 10 दिवसांचीच तपासणी व औषधे धरलेली असतात. पुढचा महिनोन् महिन्यांचा व्यायाम आणि बुडालेली मजुरी घरच्यांच्या अंगावर पडते.

हे लक्षात ठेवा

- आधी 108 ला फोन करा. योजनेतला दवाखाना कोणता, ते तिथेच विचारा.
- आपल्या भागातील योजनेच्या दवाखान्यांची नावे आजच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. माहितीसाठी 155388.
- दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. तातडीच्या रुग्णाची कागदपत्रे नंतर देता येतात. रेशनकार्ड शोधत घरी थांबू नका.
- रस्ते अपघात असेल तर पोलिसांना 112 वर कळवा.
- जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चे संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. त्यामुळे बघत उभे राहू नका.