चौकांतील वेदी

२७ मार्च २०२० च्या सायंकाळीं रोमच्या सेंट पीटर मंदिरापुढील विस्तीर्ण चौक पावसांत निर्मनुष्य पडला होता. महामारीमुळें चर्चें बंद होतीं. मंदिराच्या दारीं उभे राहून पोप फ्रान्सिस यांनीं ख्रिस्तप्रसादाचें पात्र त्या रिकाम्या चौकाकडे उचलून धरिलें आणि लोकांनीं घरबसल्या दूरचित्रवाणीवर त्याचें दर्शन घेतलें. पुष्कळांस हा प्रकार अपूर्व वाटला. वस्तुतः इटलींतीलच मिलान शहर असल्या प्रसंगांतून साडेचारशें वर्षांपूर्वीं गेलें होतें.

कॅथॉलिकांची श्रद्धा अशी कीं, मिस्सेच्या उपासनेंत अभिमंत्रित झालेली भाकर व द्राक्षारस हीं ख्रिस्ताचें शरीर व रक्तच होतात. म्हणून घरची प्रार्थना कितीहि उत्कट असली तरी ती मिस्सेची जागा घेऊं शकत नाहीं. मात्र त्या काळचा सामान्य मनुष्य हा प्रसाद सेवन करी तो क्वचित्. निदान ईस्टरच्या सुमारास एकदां तरी तो घ्यावा, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेला घालून द्यावा लागला होता! एरवीं, धर्मगुरु ती भाकर उंच धरी त्या क्षणीं ती डोळे भरून पाहणें, हाच लोकांच्या भक्तीचा गाभा. 'दर्शन' हा आपल्याकडील शब्द मीं वर योजिला तो याचसाठीं. इतका नेमका दुसरा शब्द मला सांपडत नाहीं.

१५७६ च्या उन्हाळ्यांत मिलानमध्यें प्लेग शिरला. स्पॅनिश सुभेदार शहर सोडून गेला. आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ मात्र लोकांतच राहिले. ऑक्टोबरांत त्यांनीं अनवाणी पायांनीं, गळ्यांत दोर अडकवून, प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. आरोग्याधिकाऱ्यांस गर्दीची धास्ती वाटत होती आणि ती रास्तच होती, असें त्या सत्पुरुषापुढें मस्तक नमवूनहि मी म्हणेन. महिनाअखेरीस सर्व नागरिकांना घरांत कोंडून घेण्याचा हुकूम सुटला.

बोर्रोमेओंचा खरा मोठेपणा येथें दिसतो. त्यांनीं हुकुमाशीं झुंज घेतली नाहीं. लोकांना वेदीकडे येतां येत नाहीं ना, मग वेदीच लोकांकडे नेऊं, असें ठरवून त्यांनीं चौकाचौकांत उघड्यावर वेद्या उभारविल्या. घंटा वाजली कीं खिडक्याखिडक्यांतून माणसें दिसूं लागत. एका घरांतून प्रार्थनेचें चरण निघे, समोरच्या घरांतून त्याला उत्तर मिळे. धर्मगुरु दारोदार फिरत आणि उंबऱ्याबाहेरूनच पापनिवेदन ऐकत.

याला शास्त्राचा आधारहि होता. प्रसाद प्रत्यक्ष न मिळाला तरी जिवंत श्रद्धेनें त्याची इच्छा धरणाऱ्यास त्याचें फळ लाभतें, असें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५५१ मध्यें सांगितलें होतें. त्याच परिषदेच्या अखेरच्या पर्वांत तरुण बोर्रोमेओ हे आपले मामा पोप चौथे पायस यांचा कारभार पाहत होते. तेव्हां खिडकींतला भक्त उपाशी राहिला नाहीं, हें त्यांना कोणीं शिकवावयास नको होतें.

मिलानच्या वेशीबाहेर लाझारेत्तो नांवाचें रोग्यांचें प्रचंड चौकोनी आवार होतें. चहूंबाजूंनीं खोल्या, मध्यें मोकळें मैदान. प्लेग ओसरल्यावर बोर्रोमेओंनीं त्या मैदानाच्या मध्यभागीं पेल्लेग्रीनो तिबाल्दी या शिल्पज्ञाकडून नवें उपासनामंदिर योजून घेतलें. त्याला भिंती नव्हत्या. खांब आणि कमानी तेवढ्या होत्या, म्हणजे कोणत्याहि खोलींतल्या रोग्याला अंथरुणावरून वेदी दिसावी. लाझारेत्तोच्या बहुतेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाडल्या गेल्या. तें मंदिर आजहि उभें आहे. त्याच्या कमानी मात्र पुढें बुजविण्यांत आल्या.