बिलात न दिसणारे अंतर

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मार्गांवर आता विजेच्या तारा पोहोचल्या आहेत. विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली होती; तेथून इथवर यायला एक शतक लागले. या यशाचे स्वागत करताना एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत देशातील मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक भार रेल्वे वाहत होती. आज तो वाटा एक-तृतीयांशाच्याही खाली आला आहे. वाहन अधिक स्वच्छ होत गेले, आणि माल मात्र त्याच्यापासून दूर गेला. असे का झाले, याचे उत्तर यंत्रांच्या इतिहासापेक्षा बिलांच्या इतिहासात अधिक सापडते.

आधी भौतिकशास्त्र पाहू. एक टन वजन सपाट मार्गावरून संथपणे पुढे नेण्यास, पोलादी रुळावर पोलादी चाक असेल तर साधारण १० ते २० न्यूटन बल पुरते. डांबरी रस्त्यावर मालट्रकच्या टायरला त्याच कामासाठी सुमारे ६० ते १०० न्यूटन लागतात. टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, पुन्हा पूर्ववत होतो, आणि त्या क्रियेत ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. शिवाय लांबलचक मालगाडीत मागच्या वाघिणींना पुढच्यांचा आडोसा मिळतो. सुटा ट्रक स्वतःपुरती हवा स्वतःच कापतो. पाण्यावरील पडावाची गोष्ट निराळी आहे: तेथील विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जो सावकाश जाईल त्याला ऊर्जा फारच थोडी लागते. ही प्रमाणे कोणत्याही सरकारच्या धोरणाने बदलत नाहीत. बदलते ते एवढेच, की त्यांची किंमत कोणाच्या बिलात पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा वाद भारतात प्रथम जोराने झाला. गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा उभारणारे अभियंता आर्थर कॉटन यांचा आग्रह होता की, या देशाला लोहमार्गांपेक्षा नौकानयनयोग्य कालव्यांची गरज अधिक आहे. एकाच पाण्यातून शेतीही भिजेल आणि मालही स्वस्तात जाईल. रेल्वेच्या पारड्यात वेग होता, लष्करी सोय होती आणि कापूस बंदरापर्यंत नेण्याची निकडही होती. मात्र आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी देण्यात आली होती, आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जाई. खर्च एकाचा, निवड दुसऱ्याची. कालवा आणि रेल्वे यांची तुलना समान पायावर झालीच नाही.

दुसरा प्रसंग स्वातंत्र्यानंतरचा. १९५९ मध्ये सिंहभूमच्या खनिजपट्ट्यात, राजखरसावां ते डोंगोआपोसी या मार्गावर, २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचा वापर सुरू झाला. आज देशभर रूढ असलेल्या या पद्धतीचा आरंभ लोहखनिजाच्या अवजड वाहतुकीने व्हावा, हे भौतिकशास्त्राला धरूनच होते. पण त्याच काळात, १९५६ पासून, पोलाद आणि सिमेंट यांच्यासाठी भाडे-समानीकरणाचे धोरण लागू झाले होते. कारखान्याच्या शेजारी असो वा दीड हजार किलोमीटर दूर, पोलादाचा भाव सर्वत्र एकच. औद्योगिक समतोल साधणे हा त्यामागचा हेतू. परिणाम असा झाला की अंतर फुकट झाले. खाणींजवळच्या पूर्व भारताने आपला नैसर्गिक लाभ गमावला, आणि माल विनाकारण लांब नेण्यास कोणतीही आडकाठी उरली नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हे धोरण संपुष्टात आले. तोवर उद्योगांच्या जागा ठरून गेल्या होत्या.

तिसरा प्रसंग अजून संपलेला नाही. प्रवासी तिकीट स्वस्त ठेवण्यासाठी रेल्वेने दीर्घकाळ मालभाड्यातून भरपाई केली. सामाजिक दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येईल. पण त्याचा भार स्वच्छ वाहनाच्याच बिलावर पडला. त्यातच एकाच रुळावर प्रवासी गाडीला प्राधान्य, म्हणून मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास रेंगाळला. ट्रक दारात येतो, वेळ पाळतो, थोडा मालही उचलतो. व्यापाऱ्याने त्याची निवड केली, यात त्याचा दोष नाही. ट्रकच्या धुराची किंमत त्याच्या बिलात कधी आलीच नव्हती.

यावर तोडगे निघाले नाहीत असे नाही. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा या टप्प्यात भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला: दारापासून स्थानकापर्यंत टायर, लांबच्या पल्ल्याला पोलाद. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर विजेच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच उंच बांधल्या आहेत, त्यामुळे एकावर एक रचलेले कंटेनर विजेच्या इंजिनाने ओढता येतात. २०१६ च्या कायद्याने १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला. कॉटन यांचा जुना मुद्दा अशा रीतीने पुन्हा पटलावर आला.

तरीही ‘हरित’ या शिक्क्यावर विसंबून राहू नये. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशापासून बनते, आणि रेल्वे वाहते त्या मालापैकी वजनाने जवळपास निम्मा कोळसाच असतो. ऊर्जासंक्रमण यशस्वी झाले तर रेल्वेचा हा सर्वांत मोठा ग्राहक हळूहळू ओसरेल. ती जागा धान्य, सिमेंट, वाहने आणि कंटेनर यांनी भरली नाही, तर स्वच्छ वाहन रिकामे आणि रस्ते भरलेले, अशी अवस्था येईल.

म्हणून वाहतूकदार निवडताना उद्योगांनी काही साधे प्रश्न विचारावेत. प्रत्येक टन-किलोमीटरमागे किती इंधन वा वीज लागते? परतीचा फेरा रिकामा जातो काय, आणि त्याचा हिशेब कोण धरतो? स्थानकापासून गोदामापर्यंतचा शेवटचा टप्पा मोजला आहे काय? हा संपूर्ण साखळीचा हिशेब कसा करावा, यासाठी २०२३ पासून आयएसओ १४०८३ हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. उत्तरे त्या पद्धतीने मागितली तर दोन सेवांची तुलना खरोखर समान पायावर होईल.

कॉटन यांच्या काळात अशी तुलना झाली नाही. १९५६ मध्ये ती करण्याचे कारणच काढून घेतले गेले. आता ती करण्याची साधने हाती आहेत. कारखान्यातून माल बाहेर पडताना केलेल्या निवडीची किंमत कोणीतरी चुकवतच असते. ती बिलात लिहिली जावी, एवढा आग्रह माल पाठवणाऱ्याला आजपासून धरता येईल.