पाहुणा आणि विहीर : वसईच्या गोड्या पाण्याची गोष्ट



आजचा विषय आहे जबाबदार पर्यटन आणि निसर्गसंपत्तीचे जतन. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, म्हणजे प्लास्टिक टाकू नका, एवढंच ना?" आम्ही म्हटले, प्लास्टिक टाकू नकाच, पण आज जरा खोल जायचे आहे. विहिरीइतके खोल. आणि फार लांब नाही, आपल्या वसईतच जायचे आहे.

सुरुवात एका पाहुण्यापासून करू. १६९५ च्या सुरुवातीला जेमेल्ली करेरी नावाचा एक इटालियन वकील वसईत आला. तो ना व्यापारी होता, ना सैनिक, ना धर्मप्रचारक. स्वतःच्या खर्चाने, मिळेल त्या गलबतात जागा घेऊन, तो जगभर हिंडत होता. आजच्या अर्थाने ज्याला पर्यटक म्हणता येईल अशा सुरुवातीच्या माणसांपैकी हा एक. तेव्हा वसई पोर्तुगिजांची होती. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांना मिळालेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली तोवर त्यांच्याकडे राहिलेली.

करेरीने किल्ला पाहिला, इथून कान्हेरीची लेणीही पाहिली. पण वसईतली करमणुकीची जागा म्हणून त्याने वर्णन कशाचे केले? बागांचे! मैलोगणती पसरलेल्या बागा, नारळी-पोफळीच्या जातीची झाडे, आंबे, भरपूर ऊस. आणि त्याने दोन गोष्टी आवर्जून नोंदवल्या. एक, या बागा आसपासच्या खेड्यांतले ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकरी कसतात. दोन, पाणी उपसायच्या यंत्रांमुळे त्या कायम हिरव्या राहतात. ही यंत्रे म्हणजे आपले रहाटच असणार. म्हणजे बघा, हा पाहुणा नुसता हिरवळ पाहून परत गेला नाही, हिरवळीमागचे पाणी आणि हात दोन्ही त्याला दिसले. तीनशे तीस वर्षांपूर्वी!

आता मुद्द्यावर येऊ. वसईचा हिरवा पट्टा आपण 'निसर्गाचे वरदान' म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी. तिन्ही बाजूंनी खारे पाणी. पूर्वेला तेवढा तुंगारेश्वरचा डोंगर. पाऊस वाळूमिश्रित जमिनीत मुरतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतो. आपली विहीर म्हणजे या तरंगत्या गोड्या पाण्यात बुडवलेला पेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी याचे गणित मांडले. गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर त्याखाली साधारण चाळीस फूट गोडे पाणी असते. ऐकायला छान वाटते, नाही का? आता हेच उलटे वाचा. वरची पातळी एक फुटाने कायमची खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकते. आधी विहीर मचूळ होते, मग खारी होते, मग वाडी वाळते.

हे गणित आपल्या वाडवळ, सामवेदी, कोळी, ख्रिस्ती पूर्वजांना आकड्यांत ठाऊक नव्हते, पण अनुभवाने पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी वाडीवाडीत बावखले खणली. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरींना पुरते. उन्हाळ्यात गाळ काढायचा आणि तोच केळीला, पानवेलीला घालायचा. आणि पाणी उपसायला रहाट. बैल जेवढा चालेल तेवढेच पाणी वर येणार. बैल दमला की उपसा थांबला. इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा शिक्षक जागा होतो. कारण या व्यवस्थेत मर्यादा माणसाच्या सद्गुणावर सोडलेली नव्हती, ती अवजारातच होती. लोभी माणसालाही रहाटाने फार लोभ करता येत नव्हता.

मग ही मर्यादा गेली कुठे? १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. वसईची केळी, भाजी, फुले, पाने मुंबईला जाऊ लागली. त्यात वाईट काही नव्हते, उलट वाड्या त्यावर फुलल्या. पण पुढे पंप आला, आणि पंप बैलासारखा दमत नाही. मग मुंबईची माणसे राहायला आली. १९९० मध्ये सरकारने सिडकोला इथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, इमारती उठल्या, आणि वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे निघाले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभे केले. गावाचे पाणी विकले तर गाव राहणार नाही, हे लोकांना पटले होते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. कित्येक बावखले भराव टाकून बुजवली गेली.

इथे एक कबुली द्यायला हवी. आम्हीही बाहेरूनच आलो. इमारतीत राहिलो, कित्येक वर्षे टँकरच्या पाण्याने आंघोळी केल्या आणि संध्याकाळी वर्गात नीतिशास्त्र शिकवले. ते पाणी कोणाच्या विहिरीचे, हे आम्ही एकदाही विचारले नाही. तेव्हा आजचे बोलणे दुसऱ्यांना उपदेश म्हणून घेऊ नका.

आता आजच्या पाहुण्याकडे वळू. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी हजारो माणसे येतात. 'अतिथी' शब्दाची फोड आपल्याला माहीत आहे, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. आजच्या अतिथीची तिथी मात्र अगदी ठरलेली असते! एकाच दिवशी सगळे येतात, आणि पोहण्याचा तलाव नेमका मे महिन्यात भरलेला हवा असतो, जेव्हा शेजारच्या वाडीतली विहीर तळाला गेलेली असते. त्या तलावाचे पाणी कुठून येते हा प्रश्न बिलावर छापलेला नसतो.

पूर्वेकडे तुंगारेश्वर आहे. २००३ मध्ये अभयारण्य जाहीर झालेले, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे. जुलै २०१८ मध्ये जवळच्या चिंचोटी धबधब्यावर अचानक पाणी वाढून शंभराच्या आसपास पर्यटक अडकले, एकाचा जीव गेला. त्याच दिवसांत खाली वसई-विरार पाण्यात बुडाले होते. वर पाण्याचा स्वभाव न ओळखता माणसे गेली, खाली पाण्याची वाट न ओळखता भराव पडले. चूक एकच आहे.

कोणी म्हणेल, "सर, रिसॉर्टवर आमच्या मुलांना काम मिळतं. केळी लावून घर चालत नाही." हे म्हणणे खोटे नाही आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. वाडी राखा असे वाडीवाल्याला सांगायचे आणि तिची किंमत मात्र त्यानेच एकट्याने मोजायची, हा न्याय नव्हे. म्हणून पाहुणे येऊच नयेत असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न इतकाच, की मर्यादा कोणी ठरवायची?

याचे एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सापडते. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरात शिजेल ते जेवतात, पिल्ले समुद्रात जाताना अंतर राखून पाहतात. तिथे तारीख पाहुणा ठरवत नाही, अंड्यातले पिल्लू ठरवते. एखाद्या दिवशी पिल्लू बाहेर आलेच नाही तर पाहुणा तसाच परततो. पैसा गावात येतो आणि मर्यादा गावाच्या हातात राहते. वसईत कासवाच्या जागी बावखल ठेवून बघा. पाहुण्याने वाडीत उतरावे, बावखल पाहावे, आगाशीची सुकेळी विकत घ्यावीत, त्यातला काही पैसा गाळ काढायला जावा. किती पाहुणे झेपतील हे विहिरीची पातळी पाहून गावाने सांगावे.

'मर्यादा' या शब्दाचा मूळ अर्थ सीमा, काठ. समुद्र आपली मर्यादा सोडत नाही, असे आपण म्हणतो. वसईत मात्र तो जमिनीखालून सोडतो, आणि आपण आपली सोडली की मगच सोडतो. रहाट आता परत येणार नाही, बैलाने ठरवून दिलेली सीमा परत येणार नाही. ती आता आपल्यालाच ठरवावी लागेल.

म्हणून शेवटी एकच काम देतो. पुढच्या वेळी कुठेही पाहुणे म्हणून जाल, तेव्हा खोलीची किल्ली घेताना यजमानाला विचारा, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" उत्तर आले नाही तरी चालेल. दहा पाहुण्यांनी विचारले की अकराव्यासाठी उत्तर तयार ठेवावे लागते. आणि घरी परतलात की हाच प्रश्न आपल्या इमारतीच्या टाकीपाशी उभे राहून विचारा. आम्ही तो चाळीस वर्षे उशिरा विचारला.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, आपण बोलू.