संसदीय व अध्यक्षीय शासनपद्धती : बारामती व इंदापूर

संसदीय व अध्यक्षीय हे लोकशाही शासनाचे दोन प्रमुख प्रकार होत. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळातून निर्माण होते, त्यास सामूहिक रीत्या जबाबदार असते आणि बहुमताचा विश्वास असेपर्यंतच अधिकारावर राहते. ग्रेट ब्रिटन हे या पद्धतीचे उगमस्थान होय. अध्यक्षीय पद्धतीत कार्यकारी प्रमुख विधिमंडळाहून स्वतंत्रपणे, ठराविक मुदतीसाठी निवडला जातो व केवळ अविश्वासाच्या ठरावाने त्यास दूर करता येत नाही. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे तिचे प्रमुख उदाहरण.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थैर्य व जबाबदारी हे दोन्ही गुण सारख्या प्रमाणात साधणारी पद्धती उपलब्ध नसल्याचे प्रतिपादन केले. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, तर ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीस प्राधान्य दिले. या निवडीचे लाभ व तिची किंमत ही दोन्ही पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या शेजारच्या तालुक्यांच्या राजकीय इतिहासात स्पष्ट दिसतात.

बारामतीतून १९६७ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आलेले शरद पवार १८ जुलै १९७८ रोजी, वयाच्या ३७व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत कोणत्याही पक्षास बहुमत मिळाले नव्हते. दोन्ही काँग्रेस पक्षांच्या आघाडीचे वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ पवार व त्यांचे सहकारी बाहेर पडल्याने कोसळले आणि नवी निवडणूक न होता पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. मुदतबद्ध अध्यक्षीय प्रमुखाच्या बाबतीत असे सत्तांतर संभवत नाही. मात्र १७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्राने राष्ट्रपती राजवट लागू केल्याने हेही सरकार गेले. म्हणजे राज्य मंत्रिमंडळाचे भवितव्य केवळ विधानसभेच्या हाती नव्हते.

इंदापूरचे उदाहरण वेगळे आहे. १९९५ मध्ये २८८ सदस्यांच्या विधानसभेत शिवसेना (७३) व भारतीय जनता पक्ष (६५) यांचे मिळून १३८ सदस्य होते. बहुमतासाठी अपक्षांचा पाठिंबा अपरिहार्य ठरला व इंदापूरचे अपक्ष आमदार हर्षवर्धन पाटील मंत्री झाले. १९९९ नंतरच्या काँग्रेस–राष्ट्रवादी काँग्रेस आघाडीच्या सरकारातही त्यांना स्थान मिळाले. बहुमत निसटते असता एकेका सदस्याचे मोल कसे वाढते, हे यावरून दिसते. मतदारसंघाचा प्रभाव त्यामुळे वाढतो. परंतु मतदाराने कोणत्या सरकारासाठी मत दिले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पक्षांतरास आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२वी व २००३ मध्ये ९१वी घटनादुरुस्ती झाली. तथापि २३ नोव्हेंबर २०१९ रोजी बारामतीचे आमदार अजित पवार यांनी देवेंद्र फडणवीस यांच्यासमवेत उपमुख्यमंत्री म्हणून घेतलेली शपथ आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमतचाचणीचा आदेश देताच २६ नोव्हेंबरला दोघांनी दिलेले राजीनामे यांतून सभागृहाचा विश्वास हीच अंतिम कसोटी असल्याचे पुन्हा सिद्ध झाले.

अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार वसंत साठे यांनी १९८०च्या दशकात केला. राज्यघटनेत तो उतरला नाही. नगरपरिषदांत मात्र तिच्याशी साम्य असलेला प्रयोग झाला. महाराष्ट्रात १९७४ मध्ये नगराध्यक्ष मतदारांकडून थेट निवडले गेले. पुढे ही रीत सोडून नगरसेवकांतून निवड होऊ लागली; २००१ मध्ये थेट निवड परत आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. बारामती व इंदापूर नगरपरिषदांनाही हेच नियम लागू झाले. थेट निवडीमुळे नगराध्यक्षास नगरसेवकांच्या गटबाजीपासून काहीसे संरक्षण मिळते. परंतु कराड येथे २०१६ मध्ये घडल्याप्रमाणे नगराध्यक्ष एका पक्षाचा व सभागृहातील बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी स्थितीही उद्भवते. तेव्हा अर्थसंकल्प व ठराव अडण्याचा संभव असतो.

नियम वारंवार बदलण्यामागे तत्त्वविचारापेक्षा सत्ताधारी पक्षांची सोय अधिक, अशी टीका होत आली आहे. कोणतीही एक पद्धती सलग दीर्घकाळ न राबविल्यामुळे तिच्या गुणदोषांची पुरेशी पारख होऊ शकलेली नाही.