लहरींना वळण लावण्याचा इतिहास

जर्मनीतील येना नगरीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख प्रथम टिपला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा शतकानुशतके भूतबाधेच्या सदरात जमा झालेल्या अपस्माराचा दाखला कागदावर उमटण्याचा मार्ग मोकळा झाला.

परंतु या लहरी वाचून न थांबता त्यांना वळणही लावावे, ही कल्पना साकार झाली ती चार दशकांनंतर, कॅलिफोर्नियात. सेकंदास १२ ते १५ आवर्तनांची विशिष्ट लय मेंदूत उमटताच मांजरांना खाद्य देऊन बॅरी स्टर्मन यांनी ती लय वाढविण्यास त्यांना शिकविले. आणि पुढे अग्निबाणाच्या इंधनातील विषाची परीक्षा त्यांच्यावर झाली असता, शिक्षित मांजरांना झटके येण्यास अधिक विलंब लागल्याचे आढळले. १९७२ साली अपस्मारग्रस्त स्त्रीवरील अशाच प्रयोगाचा वृत्तान्त स्टर्मन यांनी प्रसिद्ध केला, तर १९७६ साली टेनेसीत जोएल लुबार यांनी अतिचंचल बालकावरील आपला प्रयोग मांडला.

अपस्मार असलेल्या मुलांत अवधानाची दुर्बलता वारंवार आढळते. म्हणूनच या प्रयोगांतून पुढे आलेला, पडद्यावरील चित्र स्वतःच्या लहरींनी हालविण्याचा अभ्यास अशा मुलांच्या पालकांना आशास्थान वाटला, यात नवल नाही. तथापि अवधानाच्या बाबतीत, खरे व लटके प्रशिक्षण यांतील भेद रुग्णापासून गुप्त ठेवून केलेल्या कसोट्यांत त्याचे श्रेष्ठत्व सिद्ध झालेले नाही. सबब औषधे चालू ठेवून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पूरक उपाय एवढ्याच अधिकाराने त्याचा स्वीकार व्हावा. कारण आशेइतकाच सत्यावरही त्या बालकाचा हक्क आहे.